सागवानावर फवारणी

आमच्याकडे कपाशीच्या फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर असतो आणि पाण्याचा हंडा बाईच्या डोक्यावर. माझ्या बाबतीत हे उलटं झालं, कारण माझा नवरा पॉलिशवाला. ऐन फवारणीच्या दिवसांत लोकांना दिवाळीआधी दारं-दिवाण चमकवून हवे असतात, त्यामुळे हे कधी दारव्ह्याला तर कधी यवतमाळला कामावर. बोरी अरबजवळच्या आमच्या चार एकरांतली कपाशी काही ह्यांची वाट पाहत थांबत नव्हती. मग मीच पंप पाठीवर घेतला. नाकातोंडाला फडकं, अंगात ह्यांचा जुना लांब बाह्यांचा सदरा. पहिल्या वर्षी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून बघणाऱ्यांची चांगली करमणूक झाली. तिसऱ्या वर्षी नोझल तुंबलं की तेच लोक माझ्याकडे यायला लागले. मी नोझल साफ करून द्यायचे, पण थोडं ऐकवल्याशिवाय द्यायचे नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचे गुडघे गेले. तीस वर्षं उकिडवं बसून पलंगाचे पाय आणि दारांच्या खालच्या चौकटी घासल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी खाली बसायचं काम बंद करायला सांगितलं. ह्यांनी सगळे ब्रश धुतले, कागदात गुंडाळून पेटीत ठेवले आणि स्वतः खाटेवर बसले, ते बसूनच राहिले. ताट पुढे आलं की जेवायचे, नाही आलं तर मागायचे नाहीत. मला भांडखोर माणूस चालतो, गप्प माणूस चालत नाही. मी मुद्दाम उकरून भांडण काढलं तरी हे भांडेनात. तेव्हा मात्र मी घाबरले.

असं वर्ष गेलं आणि एक दिवस फोन आला. ह्यांचं जुनं काम पाहिलेला नागपूरचा एक तरुण आर्किटेक्ट टिपेश्वरच्या जंगलाकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधत होता. प्रत्येक खोलीपुढे सागवानी पाट्यांचा, म्हणजे लांब फळ्यांचा, मोठा ओटा केलेला, त्याला ते लोक डेक म्हणत. पाट्यांमध्ये बोटभर फट, वर छप्पर नाही, ऊन-पाऊस थेट लाकडावर. त्याला रंग आणि पाणी रोखणारं तेल, म्हणजे सीलर, पाजायचं होतं. साहेबांचं म्हणणं स्पष्ट होतं. आधी एक डेक करून दाखवा. जमलं तर चारही तुमचे, नाही तर नागपूरची मशीनवाली माणसं बोलावतो.

हे नाही म्हणायला तोंड उघडत होते. डेक म्हणजे जमीनच, आणि जमिनीवर बसणं ह्यांना बंद. मी फोन हातातून काढून घेतला आणि येतो म्हणून सांगितलं. ब्रशने बसून होणार नसेल, तर उभ्याने फवारून होईल, इतकाच माझा विचार होता. हे काम हातचं गेलं तर हा माणूस खाटेवरून परत उठणार नाही, हे मला दिसत होतं.

आता फवारायचं कशाने? ह्यांच्याकडे कंप्रेसर आणि गन होती, कपाटांना पॉलिश मारायची. तीच आम्ही अंगणात लावली आणि चार जुन्या पाट्यांवर तेल मारून पाहिलं. बंद खोलीत ती गन राणीसारखी चालते. उघड्यावर मात्र तेलाचं असं बारीक धुकं झालं की निम्मं पाट्यांवर बसलं आणि निम्मं वाऱ्याबरोबर गावात फिरायला गेलं. शेजाऱ्यांचा पांढराशुभ्र गोऱ्हा एका अंगाने सागवानी झाला. त्याला शाम्पूने घासताना शेजारीण जे बोलली ते मी लिहीत नाही, पण तिचं चुकलं नव्हतं.

मग आम्ही यवतमाळला जाऊन मोठ्या दाबाचं मशीन पाहिलं. त्याला हवा लागत नाही, ते तेलालाच दाबून बाहेर फेकतं. दुकानदाराने आमच्यासमोर प्लायवूडचा अख्खा तुकडा इतक्या झटपट रंगवला की माझा चहा कपातच राहिला. मशीन खरोखर चांगलं होतं, मी उगाच नावं ठेवणार नाही. हे तर त्यावरून हात फिरवत होते, नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. पण त्याला सलग वीज हवी. दुकानात व्होल्टेज जरा पडलं तर ते खोकायला लागलं, आणि आमचे डेक तर लाइनच्या शेवटच्या खांबापलीकडे होते. शिवाय त्याचा मारा एवढा जोरकस, की पाट्यांच्या फटींतून निम्मं तेल खालच्या मातीला पाजलं असतं.

परतताना एसटीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. हे म्हणाले मशीन भाड्याने आणू, मी म्हटलं आपला फवारणीचा पंप घेऊ. हे म्हणाले, पंप ही शेतातली वस्तू, कारागिराने तो हातात धरला तर लोक हसतील. मी म्हटलं, लोक मला पंधरा वर्षांपूर्वीच हसून मोकळे झालेत. पुढच्या सीटवरच्या माणसाने दोनदा वळून पाहिलं. मला मनातून फार बरं वाटत होतं, कारण हा माणूस वर्षानंतर तोंड उघडून भांडत होता.

घरचा पंप मी वापरणार नव्हतेच. ज्यात विषारी औषध गेलं तो पंप दुसऱ्या कशाला लावायचा नाही, आमच्या घरात तर तणनाशकाचा पंपही वेगळा असतो. नवा घ्यायचा तर बॅटरीचा की हाताने दट्ट्या मारायचा? दारव्ह्याच्या कृषी केंद्रवाल्याने बॅटरीचाच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मी त्याच्याकडून दोन्ही पंपांचे फक्त वायसर, म्हणजे आतल्या रबरी चकत्या, मागितले. घरी येऊन ते स्टीलच्या वाटीत सीलरच्या तेलात भिजत घातले, डाळ भिजवावी तसे. पंप पाण्यासाठी बनलेला असतो, तेलात त्याच्या रबराचं काय होईल हे दुकानदाराला तरी कुठे ठाऊक?

दोन दिवसांनी पाहिलं तर बॅटरीच्या पंपाचं रबर वड्यासारखं फुगलेलं. हातपंपाचंही फुगलं होतं, पण त्याचा वायसर साधा वाटीसारखा होता, तो कशाचाही कापून बसवता येतो. मी बाजारातल्या चांभारदादांकडून चामड्याचे चार वायसर कापून घेतले आणि तेही वाटीत टाकले. तेल पिऊन ते मऊ झाले, फुगले मात्र नाहीत. ह्यांनी एक उचलला, बोटांत दाबून पाहिला, आणि जपून परत वाटीत ठेवला. ह्यांच्या भाषेत ती शाबासकी होती. मग नवा हातपंपच घेतला.

नोझलचा प्रश्न मला पडलाच नाही. अळीवर मारायचं नोझल गोल फवारा देतं, आणि त्या गोलाचा मधला भाग रिकामा असतो. तणनाशकाचं नोझल सपाट पट्टा टाकतं. मी सिमेंटच्या ओट्यावर नुसतं पाणी मारून ह्यांना दोन्ही दाखवलं. पट्टा अगदी पाटीच्या रुंदीचा पडत होता. मग ह्यांनीच एक युक्ती काढली. मागोमाग ब्रश फिरवला नाही तर तेल लाकडाच्या पोटात जात नाही, म्हणून जुना रुंद ब्रश त्यांनी बांबूच्या काठीला बांधला. उभ्याने फिरवता येईल असा. पेटीतला कागद वर्षभराने सुटला.

टिपेश्वरला गेलो तेव्हा साहेब नागपुरात होते, तीन दिवसांनी येणार होते. आम्ही आधी डेकच्या पायऱ्यांवर हात साफ करायचं ठरवलं. पहाटे वारा नसतो, म्हणून मी उजाडताच पंप भरला, मारला, ह्यांनी मागून ब्रश ओढला. पायऱ्या अशा खुलल्या की मी स्वतःवरच खूश. दुपारी बघते तर त्यांच्यावर पांढरट ढग आलेले. बोट लावलं तर चिकट.

हे डब्यावरचं लेबल वाचू लागले. डबाच खराब निघाला म्हणाले, दुकानदाराला फोन लावतो म्हणाले. मी फवारणीची पिशवी उघडली आणि मला कळलं. कपाशीवर मारताना औषध पानावर टिकावं म्हणून प्रत्येक पंपात झाकणभर स्टिकर घालायचं असतं. साबणासारखं घट्ट पाणी असतं ते. पंधरा वर्षं माझा हात पंप भरला की आपोआप त्या बाटलीकडे जातो. फवारणीची पिशवी मी घरून जशीच्या तशी उचलून आणली होती आणि त्यात बाटली होती. पहाटे मी त्या महागाच्या तेलात झाकणभर स्टिकर ओतलं होतं, आणि ओतलं हे मला आठवतसुद्धा नव्हतं. पिशवीत झाकण ओलं दिसलं तेव्हा आठवलं.

गप्प राहिले असते तर डब्यावर निभावलं असतं. क्षणभर तो विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. पण मग उरलेलं तेल फेकून नवं आणलं असतं, साहेबांच्या येण्याआधी काही झालं नसतं, आणि ते काम नागपूरच्या मशीनवाल्यांकडे गेलं असतं. मी बाटली ह्यांच्यापुढे ठेवली.

ह्यांनी बाटली उचलून लेबल वाचलं. मग म्हणाले, "सागवानावर बोंडअळी आली व्हती का?"

आणि हसायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मला रडूही आलं आणि रागही आला. मी म्हटलं, हसणं झालं असेल तर आता हे निघेल कसं ते सांगा.

तिथून पुढचे दोन दिवस ह्यांचे. चिंधी थिनरमध्ये भिजवून चिकटा कसा पुसायचा, लाकूड किती सुकू द्यायचं, पॉलिशपेपर रेषेच्या दिशेनेच का फिरवायचा, हे मला कुठे येत होतं? पायऱ्यांना वाकावं लागत नव्हतं, म्हणून हे खालच्या पायरीवर पाय सोडून बसले आणि वरची घासली. मी तोवर पंप थिनरने तीनदा धुतला आणि स्टिकरची बाटली चौकीदाराच्या बायकोला देऊन टाकली, तिच्या वांग्यांसाठी.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पायऱ्यांसकट अख्खा डेकच घेतला. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि एक सवय मी घट्ट आवरून धरली. शेतात नळी डावी-उजवीकडे झुलवत चालायचं असतं, इथे ती हलवायची नव्हती. कपाशीचं एक तास, म्हणजे एक ओळ, धरून शेवटापर्यंत जावं तशी मी दोन-दोन पाट्या धरून चालले. मधे थांबायचं नाही, थांबलं की तिथे डाग राहतो. मागे ह्यांचा ब्रश खसखस येत होता, पाच पावलं अंतर ठेवून. ऊन चढायच्या आत आम्ही पलीकडच्या टोकाला पोचलो. मी वळून पाहिलं. सगळं लाकूड एका रंगाचं, कुठे जोड नाही, कुठे ओघळ नाही. मी आयुष्यात पुष्कळ शेतं फवारली, पण केलेलं काम असं लगेच समोर कधी दिसलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की पंप उतरवायचं भान राहिलं नाही.

साहेब एक दिवस उशिराच आले, ते आमच्या पथ्यावर पडलं. भिंतीला टेकलेला पंप त्यांनी आधी पाहिला आणि हसू दाबलं. मग पायऱ्या चढून डेकवर गेले, वाकून चारही कोपरे पाहिले, उजेडाच्या बाजूने पाहिले. हातातली पाण्याची बाटली त्यांनी पाट्यांवर उलटी केली. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळत फटींतून खाली गेले. लाकूड कोरडं. त्यांनी उरलेली बाटली दुसऱ्या कोपऱ्यात ओतली, तिथेही तेच.

हसू गेलं होतं. त्यांनी ह्यांना विचारलं, की मिस्त्री, एवढं सारखं आलं कसं, खरं मशीन कोणतं वापरलं?

मी बाजूला उभी होते. तीस वर्षांत ह्या माणसाने आपल्या कामाचं श्रेय दुसऱ्या कुणाला कधी दिलं नव्हतं. ह्यांनी बांबूचा ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मशीन नाई साहेब. फवारणारी ही हाय. मी तं हिच्या मांगं ब्रश घेऊन चालतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच. "मग काकू, बाकीचे तीन कधी सुरू करता?"

आजवर कामाची तारीख हे सांगायचे आणि मी डबा भरायचे. मी मुद्दाम जरा वेळ घेतला. जंगलाकडे पाहिलं, वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखं केलं. ह्यांना माझी ढोंगं ठाऊक, ते खाली मान घालून ब्रशचे केस निवडत होते.

"सोमवारी," मी म्हटलं. "सकाळी, वारा सुटायच्या आंधी. अन् आमच्या ब्रशवाल्यासाठी एक खुर्ची ठेवजा, त्याईचे गुडघे दुखतेत."