चाचणीआधी अभिनंदन नाही

डॉ. निर्मलाताईंची आणि माझी पहिली भेट विश्रांतवाडीच्या आमच्या घरी झाली, माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुनंदाच्या तेराव्याला. ताई न बोलावता आल्या, आईसमोर सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी न तपासता बोलले." आई उठून आत निघून गेली. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असलं काही लिहीत नाहीत, हे मला कळतं. पण ताईंनीच बजावलं आहे की आधी ही चूक लिहा, नाहीतर हारतुरे राहू द्या.

लग्नानंतर पाच वर्षांनी सुनंदाची पाळी चुकली, उलट्या होऊ लागल्या, पोट जड वाटू लागलं. दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. ताईंनी नुसती लक्षणं ऐकून तिचं अभिनंदन केलं. लघवीची तपासणी उद्या करू म्हणाल्या. डॉक्टरांचा शब्द मिळाल्यावर उद्या कोण जातंय? तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, या रिवाजापायी सुनंदाने पोटातल्या कळाही कुणाला सांगितल्या नाहीत. शेवटी सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं, बाळ नव्हतंच. अंडाशयात कर्करोगाची गाठ होती. वर्षभरात ती गेली.

पुढे मी नर्स झाले आणि ताईंच्याच दवाखान्यात काम मागितलं, खरं तर त्यांच्यावर नजर ठेवायला. ताईंना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी मला ठेवून घेतलं आणि हाताला धरून सगळं शिकवलं. एकदा एक सासूबाई तपासणीआधीच पेढे घेऊन आल्या. उलटी शिळ्या वड्यानेही होते, डबा पिशवीत ठेवा, असं ताईंनी त्यांना ऐकवलं.

हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी पित्ताच्या गोळ्या मागायला आली. पाळी चुकली होती, पण रात्रपाळीमुळे ती पुढेमागे होतेच, असं तिचं म्हणणं. ताईंनी गोळ्या न देता तिथल्या तिथे तपासण्या करून घेतल्या. गर्भ गर्भाशयात नव्हता, नळीत होता. त्याच दुपारी शस्त्रक्रिया होऊन मुलगी वाचली. आम्ही सगळ्या आनंदात, आणि ताई आतल्या खोलीत रडत बसलेल्या. "सुनंदाला पाच मिनिटं द्यायला हवी होती," एवढंच म्हणाल्या. मला त्यांची समजूत घालता आली नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं.

आता ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. माझी आई त्यांच्याशी आजवर एक शब्द बोललेली नाही. हा लेख लिहायला बसले तेव्हा ताईंच्या त्या दिवशीच्या रडण्याबद्दल तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना लिही, तब्येतीला जपा. माझ्यामागे सुनंदासाठी रडणारं कुणीतरी हवं."

ताई, आईचा निरोप पोचवला. आपण खूप जगा, धडधाकट राहा.