साडूंच्या शेवाळातलं आयोडीन

सूड घ्यायचा तर पुराव्यानिशी, असं मी ठरवलं. शेवगावच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक. पुरावा माझ्याच टेबलावर तयार होणार होता.

सूड साडूंवर. खाण्याच्या समुद्री शेवाळाच्या वाळक्या पट्ट्या ते 'थायरॉईडवर रामबाण' म्हणून पाव्हण्यारावळ्यांत खपवतात. माझ्या बायकोला थायरॉईड. जादा आयोडीन पोटात जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण तिचा विश्वास दाजींवर. मी हरकत घेतली, तर तिसगावला सासुरवाडीत भर पंगतीत साडू म्हणाले, "साडूभाऊ, तुमी आपल्या बाटल्या इसळा." सगळे हसले. सासूबाईसुद्धा.

मी एक पट्टी पळवली. वाळूबिळू असेल म्हणून मेथीसारखी तीन पाण्यांतून काढली. वाळवून जाळली, राखेचं पाणी गाळलं, रसायनं घालून आयोडीन मोकळं केलं, आयोडीननं निळा होणारा स्टार्च टाकला. फिकट निळा रंग आला आणि ब्युरेटच्या मापनळीतून रंग घालवणाऱ्या हायपोचे चार थेंब पडताच गेलासुद्धा. आयोडीन नावालाच! मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, "नुसता पाला आहे."

साडू वस्ताद. "झालं तर! मंजी अपाय न्हाई. साहेबांनीच तपासलंय." बायको एकीच्या दोन पट्ट्या घ्यायला लागली. आठवड्याभरात तिची छाती धडधडू लागली.

"अगं, तीन पाण्यांनी धुऊन तपासलीय मी," मी म्हणालो.

"धुतली? अहो, भिजवलेलं पाणीच तर प्यायचं असतंय!"

म्हणजे आयोडीन मी मोरीत ओतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते भिजवलेलं पाणीच आटवून तपासलं. शाईसारखा गडद रंग. ब्युरेट रिकामी झाली तरी हटेना.

पुढच्या पंगतीत तसलंच निळं पाणी बाटलीत घेऊन गेलो. आधी माझी चूक सांगावी लागली. साडू ठसका लागेस्तोवर हसले. मग बाटली ताटाशेजारी ठेवली आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेला इशारा वाचून दाखवला.

थोरली मेहुणी, म्हणजे साडूंचीच बायको, वाढता वाढता थांबली. "मी बी रोज पितीय की ह्ये. तुमी का वो पीत न्हाई?"

"मला कुठं थायरॉईड हाय?" साडू पुटपुटले.

माझ्या बायकोनं पिशवीतला शेवाळाचा पुडा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मेहुणीनं आतून विक्रीच्या पट्ट्यांची दोन खोकी आणून त्यावर आदळली.

मला भूक नव्हती. पण साडूंचं तोंड आणखी थोडा वेळ बघायचं होतं, म्हणून दोनदा भात मागून घेतला.