प्रज्ञाचे केस कुणी कापले?

भूतबाधा, उतारा, लिंबू-मिरची यातलं आमच्या घरात काहीच चालत नाही. आम्ही बौद्ध. वडिलांनी शेतमजुरी करून मला शिकवलं, ते असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला नाही. उटनूरजवळच्या एका शाळेत मी शिक्षिका आहे, आणि "भूत-बित काही नसतं रे" हे वाक्य पोरांना किती वेळा ऐकवलंय त्याला गणती नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय. पण कुठंतरी सांगायला हवं... घरात सांगता येत नाही.

आम्ही आदिलाबादला भाड्याच्या घरात राहतो. नवरा नोकरीसाठी हैदराबादला, त्यामुळे घरी मी आणि मुलगी प्रज्ञा. ती एरवी बासरला हॉस्टेलवर राहून शिकते. मागच्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला. ताप उतरला आणि केस गळायला लागले — मूठ मूठ. उरले ते खांद्यापर्यंत कापावे लागले. पोरीनं आरशावर टॉवेल टाकला. कॉलेजचं नाव काढलं की तोंड फिरवायची. पार्लरात चल म्हटलं, तर कुणासमोर डोक्यावरची ओढणी काढायला तयार नाही. वर्ष वाया जायची पाळी आली होती.

शेवटी ऑनलाइन एक्स्टेन्शन मागवलं — म्हणजे आपलं जुनं गंगावनच, फक्त क्लिपा लावलेलं. रंग जुळला, पण लांबी पार कमरेखाली. रविवारी व्हिडिओ पाहून कापायला बसले. व्हिडिओतली बाई कात्री उभी धरून टोकं थोडी थोडी विरळ करत होती. मी आठवडाभराची दमलेली, त्यात गॅसवर वरण उतू चाललेलं... धरली कात्री आडवी आणि कापड कापावं तसं कापून टाकलं. तिचे स्वतःचे केस संपतात तिथं पायरी, आणि खाली लोंबतोय झुपका.

"आई, हे तं केरसुणी बांधल्यावानी दिसून राह्यलं!"

"मंग जाय तशीच! मले का दुसरे धंदे नाहीत?"

तिनं क्लिपा काढल्या. त्यानंतर माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद. पुढच्या सोमवारपासून तिला कॉलेजात हजर व्हायचं होतं. "शुक्रवारी लवकर येते, नीट करून देते," एवढं मी सांगून ठेवलं.

शुक्रवारी निघाले लवकरच. पण कापसाचा हंगाम — आदिलाबादच्या अलीकडे कापसानं भरलेल्या गाड्यांची ही रांग, आणि तिच्यात आमची बस अडकली. पुढचं सगळं मला बसमध्ये डुलकीत दिसलं असेल असं कुणी म्हणेल. शेजारी आमच्या शाळेच्या मॅडम सुनेची गाऱ्हाणी सांगत होत्या. त्या झोपू देतील तर ना!

घरी पोचले तर दिवेलागण झालेली. दाराला आतून कडी. प्रज्ञानं दार उघडलं.

"अवं आई! तू बाहेर कवा गेली? आता तं आत चहा ठेवाले गेली होती!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. पायरी नव्हती. केस थराथरानं पाठीवर उतरलेले, कानाजवळ दोन बटा मोकळ्या. तिचे कुठले आणि लावलेले कुठले, कळत नव्हतं. फरशीवर कापलेले केस पडलेले. आरशावरचा टॉवेल तिच्या खांद्यावर होता, आणि ती हसत होती.

मी आत्ताच येतेय, असं म्हणायला तोंड उघडलं. निघालं भलतंच. "मागच्या दारानं गेलती, दूध आणाले."

माझ्या हातात दूध नव्हतं. तिचं लक्षच नव्हतं, ती पुन्हा आरशात बघत होती. आणि मागचं दार? माकडांच्या त्रासानं त्याला कायम कुलूप असतं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

ओट्यावर दोन कप गाळून ठेवले होते. एक बिनसाखरेचा, मी घेते तसा. वाफ निघत होती. खरं सांगते, घाबरायचंही त्राण नव्हतं अंगात. मी तो चहा प्यायले. चांगला होता.

मग आडून आडून विचारलं.

"काऊन, तुले आठवत नाही?" प्रज्ञा म्हणाली. "मी रुसून भिंतीकडे तोंड करून बसली होती. तू मागून आली, म्हणे, 'बस, आज घाई नाही.' मी तुयाकडे पाह्यलंच नाही. कितीक वेळ करत होती... एकडावबी चिडली नाही तू."

घाई नाही! हे शब्द माझ्या तोंडून कित्येक वर्षांत निघाले नसतील.

तिनं स्वतःच कापले म्हणावं, तर पाठीमागचे केस असे कुणाला कापता येतात? आणि पोरगी खोटं बोलत नाही. खोटं बोलले ती मी, आणि अजूनही ते तसंच ठेवलंय. ती बासरला गेली, वर्ष वाचलं. खरं सांगून तिचा तो दिवस कशाला मोडू?

भीती वाटते का विचाराल, तर नाही. हेवा वाटतो. माझ्या लेकीला माझ्या हातून जे मिळायला हवं होतं, ते दुसरंच कुणीतरी देऊन गेलं.

संक्रांतीला प्रज्ञा घरी आली. एक्स्टेन्शनची टोकं गुंतली होती. माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली. "त्या दिवशीवानी कर."

मी कात्री उभी धरली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, आज तुया हात जड लागून राह्यला. दमली का? राहू दे, उद्या कर."

दमलेच होते. तरी हात पदराला पुसले, कात्री पुन्हा उचलली.

"नाही, आजच करते. बस... घाई नाही."

"हां," प्रज्ञानं मान खाली घातली. "अशीच म्हणाली होती तू."