सुभद्रामावशींचे बेचाळीस खिसे

आमच्या परळच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या सुभद्रामावशींवर कोणी उपकार करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही त्यांना लिंबं आणून दिलीत की त्या तुम्हाला डबाभर लोणचं देतात. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून माझी बायको सुरुची त्यात खोबऱ्याच्या वड्या घालते. मग वड्यांबद्दल मावशी डबा पुन्हा भरतात. असा एकच स्टीलचा डबा अकरा वर्षं दोन घरांत फिरतोय, आणि तो मुळात कोणाचा हे आता कोणालाच आठवत नाही. माझं पोट सुटलंय ते त्याच्यामुळेच.

मावशी चौतीस वर्षं जवळच्याच एका हॉस्पिटलात सिस्टर होत्या. रिटायर झाल्या तरी चाल वॉर्डातली आणि आवाजही वॉर्डातला. रविवारी चर्चहून परतताना भेटेल त्याला चर्चच्या रीतीनं ‘सलाम’ म्हणून थांबवतात आणि प्रभूनं या आठवड्यात काय काय दिलं ते सांगतात. त्यात नळाला आलेलं पाणी असतं, चालू असलेली लिफ्ट असते, एकदा तर मीही होतो. बाहत्तरच्या दुष्काळात त्या नगरच्या मिशन हॉस्टेलात शिकत होत्या. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या आणि दुधाची पावडर यांवर ती सगळी पोरं जगली. पाठवणाऱ्यांची नावंगावं कोणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे आभार मानायचे राहून गेले. मावशींसारख्या बाईचे आभार पन्नास वर्षं तुंबले तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

मागच्या ऑगस्टात चर्चमध्ये पाळकांनी मलावी देशाबद्दल सांगितलं. आफ्रिकेतल्या त्या गरीब देशात चक्रीवादळानं गावंच्या गावं वाहून गेली होती आणि डोंगराळ भागातल्या मुलांना जूनच्या थंडीत अंगावर घालायला काही नव्हतं. मावशींनी उपासना संपायच्या आत मनातल्या मनात स्वेटरचे टाके मोजायला घेतले. आफ्रिकेत कसली आलीय थंडी, असं मी म्हणून गेलो. त्यांनी मोबाइलवर मला तिथलं जूनमधलं तापमान दाखवलं, आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी दार वाजवून पुन्हा दाखवलं.

मग दादरहून लोकरीच्या पिशव्या येऊ लागल्या. मावशी बँकेच्या रांगेत विणत, दातांच्या डॉक्टरकडे विणत, प्रवचनातही विणत. ऑक्टोबरच्या उकाड्यात इमारतीतली पोरं मापासाठी स्वेटर घालून घामाघूम उभी. मार्चपर्यंत बेचाळीस स्वेटर झाले, प्रत्येकाला पोटावर एक मोठा खिसा. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी जयवंतराव, कडक माणूस, त्यांनी आधीच बजावलं होतं की मलावीला जाणाऱ्या बॉक्समध्ये फक्त कपडे. खाण्याचा एक दाणा सापडला तरी अख्खा बॉक्स परत येणार, आणि हे जहाज चुकलं तर थंडीच्या आत दुसरं नाही. शनिवारी सकाळी अकराला टेम्पो यायचा होता.

शनिवारी नऊ वाजता सुरुचीला पॅसेजच्या भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. रांग मावशींच्या दाराखालून आत जाऊन थेट टेप लावलेल्या बॉक्समध्ये शिरत होती. मी टेप फाडला. प्रत्येक खिशात, कागदात गुंडाळलेला, शेंगदाण्याचा एक लाडू होता.

माझं डोकंच फिरलं. सात महिन्यांचं काम मुंग्यांच्या तोंडी दिलंत, असं मी बरंच काही बोललो. मावशी शांतपणे म्हणाल्या, “रिकामा खिसा कसा पाठवणार रे, अवधूत? पोरं काय म्हणतील?”

पुढचा दीड तास आमच्या मजल्यानं असा काही घालवला की आठवलं तरी हसू फुटतं. गच्चीवर बेचाळीस स्वेटर पसरले, झटकले, उलटे केले, पुन्हा झटकले. कोण मुंग्या वेचतंय, कोण कागद गोळा करतंय, सुरुची एकेक खिसा बोट घालून तपासतेय. लाडू ठेवायचे कुठे? मुंग्या फुंकून आम्ही ते खाऊनच टाकले. पावणेअकराला जयवंतराव वर आले तेव्हा आम्हा आठजणांच्या तोंडात लाडू होते. सुरुचीनं त्यांच्याही हातात एक ठेवला. त्यांनी तो खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि काही विचारलं नाही.

बॉक्स पुन्हा भरला. आता मावशीच टेप लावू देईनात. त्या बॉक्सच्या झाकणावर हात ठेवून बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मुंबईहून रिकामा खिसा पाठवायचा त्यांचा जीव होईना. खाली टेम्पोचा हॉर्न वाजू लागला. आरडाओरडा केल्याची मला लाज वाटत होती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, हॉस्टेलात कधी परदेशातून कपडे आले होते का. एक कोट आला होता, त्या म्हणाल्या. निळा, कोपरापाशी रफू केलेला.

“त्याच्या खिशात काय होतं?”

मावशींनी डोळे पुसले.

“काही नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पहाटेची प्रार्थना असायची, नगरची थंडी. मी दोन्ही हात आत घातले. मग काय, सबंध हिवाळा बाहेर काढलेच नाहीत.”

एवढं बोलून त्या स्वतःशीच हसल्या, माझ्या हातातला टेप हिसकावून घेतला आणि हॉस्पिटलातल्या पट्टीसारखा चर्रकन लावून टाकला. मग डोळे मिटून, टेम्पोवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी प्रार्थना केली. “प्रभू, तू मला खूप दिलंस. आता या खिशांत फक्त त्या पोरांचे हात जाऊ देत.”

जयवंतराव आमेन म्हणाले. मीही म्हणालो, तोंडात टाकलेला शेवटचा लाडू गिळून, जरा उशिरा.