करकोच्यांचं उष्टं

आज अंगणात हरभऱ्याचा हुळा भाजला. हिरवे घाटे जाळात तडतडले आणि त्या धुराने मला जऊळक्याजवळच्या तलावावरचा डाकबंगला आठवला.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा हिवाळा असेल. हिमालय ओलांडून येणारे करकोचे तुमच्या आजोबांना पाहायचे होते. बंगला म्हणजे दोन खोल्या आणि एक कंदील. चौकीदाराची बायको शेवंताबाई आमचा स्वयंपाक करायची. सकाळी उठून पाहतो तर अख्खा थवा बंगल्यामागे तिच्याच हरभऱ्यात उतरलेला. करड्या पाठी, काळ्या माना, आणि निवांत चाललेलं खाणं.

शेवंताबाई रिकामा डबा बडवायला निघाली.

"बाई, जरा थांबा. दुर्बीण तर लावू द्या," आजोबा म्हणाले.

"तुमी पाहत राहान साहेब, अन् इकडे आमची सालभराची दाळ जाईन!"

मी स्वयंपाकघरातलं ताट आणि पळी उचलली आणि तिच्यामागे पळाले. आम्ही दोघींनी एकच गोंगाट केला. थवा उठला, तशी पंखांची फडफड छातीत जाणवली आणि आभाळ त्यांच्या ओरडण्याने भरून गेलं.

"घ्या साहेब, आता पाहून घ्या," शेवंताबाई हसली. बरंचसं पीक वाचलं होतं. तुडवलेली झाडं गोळा करून तिने बांधावरच हुळा भाजला. "खा. पाव्हण्याइचं उष्टं हाय."

परतताना जऊळक्याच्या स्टेशनावर आजोबा दुर्बीण पुसत म्हणाले, "करकोचे नीट पाहायचे राहिलेच." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. त्यांच्या ओठांवर अजून हुळ्याची काजळी होती.