दमणारे महादूआबा

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘इन्डिफॅटिगेबल’ असा शब्द लिहिला. अर्थ सांगितला: अथक, कधीही न थकणारा. वाक्यात उपयोग म्हणून खाली लिहिलं, ‘महादूआबा इज इन्डिफॅटिगेबल.’ खुटबावच्या आमच्या शाळेचे शिपाई महादूआबा तेव्हा दारातच उभे होते. मधल्या सुट्टीत त्यांनी अर्थ विचारला आणि ऐकून म्हणाले, "खोडा त्ये, बाई. मी दमतो."

"मग दिवसभर एवढं कसं जमतं?"

"दमलो की बसतो. बसून झालं की उठतो. त्याला एवढा लांब शब्द कशाला?"

तरुणपणी ते मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत जायचे. सांगताना त्यांचे डोळे मिटायचे आणि आवाज कुठून तरी लांबून यायचा.

त्यांच्या बायकोचं, कोंडाकाकूंचं, डावं अंग लुळं पडलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. शाळा सुटली की आबा त्यांना पाटाच्या कडेला आणायचे. काकूंचे दोन्ही हात धरून स्वतः उलट्या पावलांनी चालायचे. उसाला तुरे आलेले असायचे, उन्हं पिवळी होऊन पाण्यावर पसरलेली. लांबून ती दोघं चालतात की तरंगतात, कळायचं नाही. घरी जायची वाट सोडून मी नुसती बघत राहायचे.

दोन हिवाळे असे गेले. एका संध्याकाळी मी त्यांच्या जवळच होते, तेव्हा आबा मध्येच बांधावर बसले. "आज न्हाई व्हायचं," म्हणाले. मी आधार द्यायला पुढे झाले, तर काकूंनी मान हलवली. बाभळीच्या खोडाला धरून त्या एकट्याच उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग पाय ओढत तीन पावलं आबांकडे आल्या.

"बसा तुम्ही," काकू म्हणाल्या. "मी हाय हितं."

आबा धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले.

पुढे माझी बदली शिरूरला झाली. गेल्या वर्षी आबा गेल्याचं कळलं, तेव्हा मी काकूंना भेटायला गेले. काकू ओट्यावरून उतरून, अंगण ओलांडून माझ्यापर्यंत चालत आल्या.

"शेवटी त्यांच्या पायातलं बळ गेलं," त्या म्हणाल्या. "मग मीच न्यायचे पाटावर. हात धरून, उलटं चालत."