वीणेला लावायचा सरस

आमच्या शिरूरच्या घराशेजारचा व्हायोलिनवादक तेव्हा इटलीत वाद्यदुरुस्ती शिकत होता. सुट्टीत आला की कुणाचंही वाद्य आधी टिचकी मारून ऐकायचा, मगच माणसाशी बोलायचा.

भजनी मंडळाचे आप्पा एकदा सप्ताहाची वीणा घेऊन आले. तिची मान सांध्यातून निखळत आली होती. ती चिकटवायला त्यानं सरस गरम करत ठेवला.

“कशाचा हाय ह्यो?”

“जनावराच्या कातड्याचा.” खोटं बोलणं त्याला जमतच नसे.

आप्पांनी वीणा ओढून घेतली. “देवाच्या वीणेला कातडं? बाटवतो का काय!”

माझं डोकंच फिरलं. “मग पखवाजाला काय असतं, आप्पा?”

“इंग्लिश शाळंत हेच शिकवत्यात व्हय?” म्हणत आप्पा तरातरा निघाले.

तो चिडला नाही, याचा मला जास्तच राग आला. तो अनवाणी त्यांच्यामागे धावला. “आप्पा, तारा तेवढ्या ढिल्या करा. न्हाईतर ताणानं मान मोडंल तिची.”